आजाऱ्याचं सूप: जवारी, बॉयलर की अंड्याची कोंबडी?

घरात कुणी तापानं अंथरूण धरलं की बेळगाव-खानापूरकडच्या मराठी घरांत दुसऱ्या दिवशी फर्मान निघतं: "जवारी आणा आणि आळणी करून पाजा." जवारी म्हणजे गावठी कोंबडी, आणि आळणी म्हणजे कोंबडी हळद-मिठात शिजवून उतरलेलं पाणी. सांगणारी बहुधा आत्या किंवा शेजारची काकू असते आणि पिशवी घेऊन जाणारा दुसराच कुणीतरी. त्याला दुकानासमोर उभं राहिल्यावर प्रश्न पडतात. पिंजऱ्यातली 'जवारी' खरंच जवारी आहे का? दुप्पट पैसे मोजून आजाऱ्याला दुप्पट काही मिळणार आहे का? आणि घरी गेल्यावर कुकर लावायचा की पातेलं चढवायचं?

माझं मत आधीच सांगून टाकते. ताप उतरेपर्यंत बॉयलर, म्हणजे पोल्ट्रीतली मांसाची ब्रॉयलर कोंबडी, पुरते. जवारी आणायचीच असेल तर माणूस उठून बसायला, घास मागायला लागल्यावर आणावी. आणि कोणतीही आणली तरी पाणी आजाऱ्याला आणि मांस बाकीच्यांना, ही वाटणी बंद करावी.

बॉयलर साधारण पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरते. वय कमी, चालणं जवळजवळ नाही, त्यामुळं मांस मऊ. वीस-पंचवीस मिनिटांत शिजते आणि हातानं सुटी होते. तिचं पाणी मात्र पातळ उतरतं, वास सौम्य असतो. मागच्या परड्यात, उकिरड्यावर हिंडून वाढलेल्या जवारी कोंबडीला तेवढंच वजन धरायला कितीतरी महिने जातात. स्नायू घट्ट होतात, सांध्यांतलं आणि कातडीखालचं कोलॅजन हे चिवट प्रथिन पक्कं होतं. मंद आचेवर दीड-दोन तास ठेवलं की ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं. जवारीचं आळणी ओठाला जरा चिकट लागतं आणि फ्रिजमध्ये ठेवल्यावर थरथरतं ते यामुळंच. चवीचा सामना इथंच संपतो. जवारीसमोर बॉयलर उभी राहात नाही, याबद्दल मी वाद घालणार नाही.

पण आजाऱ्याच्या बाबतीत चव हा एकच मुद्दा नाही. जिलेटिन हे प्रथिन असलं तरी अपुरं. ट्रिप्टोफॅन हा शरीराला बाहेरूनच घ्यावा लागणारा घटक त्यात नसतो. गाळलेल्या पाण्यात एकूण प्रथिनं थोडीच उतरतात. बिनहाडाच्या शिजलेल्या १०० ग्रॅम मांसात ती २५ ते ३० ग्रॅम असतात. म्हणजे ज्याला आपण "दम" म्हणतो तो बराचसा भांड्याच्या तळाशी राहतो. तापात जबडा हलवायचीही इच्छा नसते, तेव्हा जवारीचा चिवट तुकडा माणूस तोंडातून बाहेर काढून ताटलीत ठेवतो. बॉयलरच्या छातीचं मांस बोटांनी बारीक धागे करून त्याच पाण्यात सोडलं तर दोन-चार चमचे तरी पोटात जातात. म्हाताऱ्या माणसाला, कवळी लावणाऱ्याला तर हेच सोयीचं.

"बॉयलरला इंजेक्शनं मारून फुगवतात" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ती भराभर वाढते ती निवडक वाणामुळं आणि खाद्यामुळं. हजारो पक्ष्यांना धरून धरून संप्रेरकांची सुई टोचत बसणं कुठल्याच शेडवाल्याला परवडणारं नाही. प्रतिजैविकांचा वापर हा मात्र खरा प्रश्न आहे. पण त्यावर उपाय म्हणून जिला जवारी म्हणून आणता, ती कुठं आणि काय खाऊन वाढली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल, तर आपण फक्त नावाचे पैसे मोजले.

नावाचंच बोलायचं तर 'जवारी' या पाटीखाली आपल्याकडं निदान तीन प्रकारचे पक्षी विकले जातात. एक, खेड्यातल्या घरातून आलेली खरी. दुसरी गिरिराजा किंवा वनराजा. गिरिराजा बेंगळूरूच्या कृषी विद्यापीठात आणि वनराजा हैदराबादला तयार झाली, दोन्ही परसातल्या पालनासाठी. दिसायला रंगीबेरंगी, अंगानं जवारीपेक्षा भरलेल्या. यांत वाईट काही नाही, फक्त दर जवारीचा देऊ नये. तिसरी म्हणजे अंडी देऊन थकलेली पोल्ट्रीची कोंबडी. दीडेक वर्षाची झाली, अंडी कमी पडायला लागली की शेडमधून निघते. तपकिरी पिसांची असली तर नवख्याला ती सहज जवारी म्हणून खपवता येते.

पारख सोपी आहे. छातीच्या हाडाचं खालचं टोक बोटानं दाबून पाहा. लवचिक कुर्चा लागली तर पक्षी कोवळा, टणक हाड लागलं तर जून. जवारीचे पाय बारीक आणि खरबरीत, नख्या उकरून झिजलेल्या, छाती अरुंद. पिंजऱ्यात वाढलेल्या अंड्याच्या कोंबडीच्या नख्या लांब वाढलेल्या असतात आणि पुष्कळदा चोचीचं टोक छाटलेलं असतं. चोच पाहिली की निम्मं भांडण मिटतं.

आता गंमत अशी, की जिच्याकडं कुणी बघत नाही ती ही अंड्याची कोंबडी आळण्यासाठी उत्तम आहे. जून असल्यामुळं पाणी दाट उतरतं, आणि उघड उघड अंड्याची म्हणून मागितली तर दर जवारीच्या जवळपासही नसतो. तिच्यात चरबी भरपूर असते, तेवढी आधी काढून टाकावी लागते. मांस चिवट, पण कुकरला लावून बारीक चिरलं तर चालून जातं. हातात वेळ आहे, पैसे बेतानं आहेत आणि आजारी माणूस आता सावरतोय, अशा घराला मी डोळे झाकून हीच सुचवीन.

कडकनाथचंही नाव हल्ली निघतं. झाबुआकडची ती काळी कोंबडी, २०१८ साली मध्य प्रदेशाला तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. चरबी कमी, चव वेगळी, किंमत भलतीच. आठवडाभराच्या तापासाठी तिच्यामागं धावावं असं तिच्यात काही नाही.

कोंबडी ठरली की भांड्याकडं या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, त्यामुळं उघड्या पातेल्यातलं पाणी ९७-९८ अंशांलाच उकळतं. फरक किरकोळ, तरी जून कोंबडी इथं कोकणातल्यापेक्षा थोडी जास्त वेळ घेते. कुकरमध्ये तेच तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळं जवारीही एक शिट्टी आणि मग बारीक आचेवर अर्धा-पाऊण तास एवढ्यात होते. बॉयलरला दोन शिट्ट्या पुष्कळ, जास्त दिल्या तर लगदा. पातेल्याचा फायदा असा, की वर येणारा फेस पळीनं काढता येतो, पाणी निवळ राहतं आणि मीठ-मिरी चाखत बेतता येते. पण आजाऱ्याच्या घरात करणारं माणूस एकच असतं; त्याला औषधाच्या वेळा सांभाळायच्या, कपडे धुवायचे, डॉक्टरकडं फोन लावायचा. त्यानं दोन तास चुलीशी उभं राहावं असा आग्रह धरणाऱ्यांनी स्वतः येऊन पळी हलवावी. कुकर लावा.

अर्धा किलो हाडासकट कोंबडीला दीड लिटर गार पाणी. मान, पाठ, पंख यांचे तुकडे त्यात हवेतच. दुकानदार छातीचेच तुकडे भरायला लागला तर अडवा. पाव चमचा हळद, आल्याचा ठेचलेला तुकडा, पाच-सहा लसूण पाकळ्या, चार मिऱ्या, अर्धा चमचा मीठ. तेल नको, कांदा हवा तर अर्धा. आपल्याकडं कोंबडी कुठल्याही रश्श्याची असली तरी आधी हळद-मिठाच्या पाण्यात शिजते आणि ते आळणी वाटीभर मुलांना मिळतंच. आजाऱ्यासाठी तिथंच थांबायचं. घरात आज रस्साही करायचा असेल तर आळणी बाजूला काढून उरलेल्याला फोडणी द्या. स्वयंपाक एकदाच होतो. कच्ची कोंबडी नळाखाली जोरात धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्याभर जातात, आणि घरात आधीच एक आजारी आहे.

पांढरा रस्सा मात्र आजाऱ्याचं जेवण समजू नये. नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू, वरून तूप. जिभेला स्वर्ग, तापातल्या पोटाला ओझं. तोंडाला चव नाही म्हणून संकेश्वरी मिरचीचं तिखट मागणारे आजारी मी पाहिलेत. घशाला खवखव असेल तर मिरी वाढवा, लिंबू पिळा, तिखटाचा डबा वरच्या फळीवर ठेवा.

सुपानं खरंच काही होतं का, असं विचारणारा भाचा प्रत्येक घरात असतो. त्याच्यासाठी दोन गोष्टी. १९७८ साली अमेरिकेत मायामी बीचच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांवर पाहिलं, की गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला शेंब जास्त वेगानं सरकतो, आणि गार पाण्यानं उलट मंदावतो. मात्र अर्ध्या तासात सुपाचा परिणाम ओसरला होता. २००० साली नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड यांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की चिकन सूप दाहाच्या जागी धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावतं. तो प्रयोग काचेतला होता, माणसाच्या अंगातला नव्हे. म्हणजे सर्दीत आराम पडतो हे म्हणायला आधार आहे, ताप सुपानं उतरला म्हणायला नाही. अर्ध्या तासाच्या हिशोबानं एक मात्र घेण्यासारखं: मोठा वाडगा एकदम पुढं ठेवण्यापेक्षा थोडं थोडं, गरम, दिवसातून चार वेळा.

पाकिटातलं सूप किंवा स्वादाची वडी यांना मी पूर्ण नाही म्हणणार नाही. रात्री अकराला खोलीवर एकट्या पडलेल्या पोराला गरम पाण्यात पाकीट फोडण्यावाचून गत नसते. पण त्यात कोंबडी नावापुरती आणि मीठ व पीठ मुख्य. पाकिटामागं सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. रक्तदाब असलेल्याला, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाकीट नकोच. अशा माणसाला घरचं सूपही किती द्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच, कारण त्यांच्या दिवसभराच्या पाण्यालाही माप असतं. हॉटेलातलं 'चिकन क्लिअर' म्हणून आणलेलं त्याच पंक्तीत बसवा. जुलाब-उलट्या चालू असतील तर सूप ओआरएसची जागा घेत नाही. आधी ओआरएस, मग बाकी सगळं. वर्षाच्या आतल्या बाळाला मिठाचं पाणी नको. गाऊट (युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार) असलेल्याला मांसाचं दाट पाणी अंगावर येऊ शकतं.

हाड मोडलेल्यासाठी कोंबडी सोडून बकऱ्याच्या पायांचं सूप करतात. चवीला, पोटाला ठीक आहे. पण हाडातला कॅल्शियम पाण्यात फारच थोडा उतरतो. खानापूरकडची नाचणीची अंबील त्या बाबतीत पुष्कळ पुढं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतो. पाय विकत आणा किंवा आणू नका, अंबील मात्र द्या.

आणि वार. सोमवार, गुरुवार, शनिवार, त्यात श्रावण. सासूबाई माळकरी, सून आजारी, डॉक्टर म्हणतात प्रथिनं द्या. बऱ्याच घरांत परड्यात वेगळी चूल आणि वेगळं पातेलं ठेवून हा प्रश्न सोडवलेला असतो, आणि आजाऱ्याला सूट देणाऱ्या माळकरी आज्ज्याही कमी नाहीत. पण आजाऱ्याचंच मन घेत नसेल तर हुलग्याचं माडगं करा, नाहीतर मुगाचं कढण. लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेलं गरम माडगं सर्दीत सुपाच्या तोडीस तोड लागतं, आणि कढण न गाळता दिलं तर प्रथिनंही जातात.

दवाखान्यात डबा न्यायचा असेल तर गणित थोडं बदलतं. खानापूरहून बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, चंदगडहूनही पेशंट इकडंच येतात; स्टीलच्या डब्यात सूप कोमट होऊन पोचतं आणि वॉर्डात पुन्हा उकळायची सोय नसते. थर्मासात आधी उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवा, ते ओतून उकळतं सूप भरा. धागे केलेलं मांस मोठ्या तोंडाच्या थर्मासातच न्यायचं, अरुंद तोंडाच्या बाटलीत ते अडकून बसतं. घरी उरलेलं मोठ्या पातेल्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवायचं, आणि दर वेळी लागेल तेवढंच काढून खळखळ उकळायचं. हाडाच्या बारीक किरच्या बघून, गाळून. नेण्याआधी सिस्टरना एकदा विचारा, कारण ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवलेल्या माणसाच्या उशाशी कोंबडीचा वास घेऊन बसणारे नातेवाईक त्यांना नेहमीच भेटतात.