४८६ संगणकासाठी मूळ हार्ड डिस्क की कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड?

इंटेलने १९८९ मध्ये आणलेल्या ४८६ प्रोसेसरचा संगणक पुन्हा उभा करताना मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाण्याआधी काढावीच; निवडीचा प्रश्न येतो तो साठवणुकीचा. मूळ आयडीई (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची त्या काळची पद्धत) हार्ड डिस्क ठेवली, तर फिरणाऱ्या तबकड्यांचा आवाज आणि त्या काळचा वेग जसाच्या तसा अनुभवता येतो, आणि हे सुख खरोखर मोठे आहे. पण ती बिघडली की घरी दुरुस्त होणे जवळपास अशक्य असते. कॉम्पॅक्टफ्लॅश हे छोटे मेमरी कार्ड आयडीई पद्धतीनेही चालत असल्याने त्याला साधा अडॅप्टर पुरतो, आणि आधुनिक संगणकावर त्याची प्रत सहज घेता येते. मात्र अनेक जुन्या बायोसना (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरना) ५०४ मेगाबाइटांपलीकडचे दिसत नाही. नेहमीच्या वापरासाठी मी कार्डच निवडेन, पण डिस्क चालू असेपर्यंत तिच्यातील ड्रायव्हर (संगणकाचे सुटे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) आधी उतरवून घ्यावेत.