खुरिब्ग्याचा मेगालोडॉन आणि माझे पंधरा हजार

गेली २६ वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. शार्क म्हणजे कास्थिमत्स्य, अंगात एकही हाड नाही, दात जन्मभर पडत राहतात आणि मागच्या रांगेतले पुढे सरकतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि तरीही मोरोक्कोत एका दुकानदाराने शार्कच्याच दाताच्या नावाखाली मला १८०० दिरहमची, म्हणजे आपल्या पंधराएक हजारांची टोपी घातली. इतके दिवस लाजेने गप्प होते. आता ओळखीतली दोन कुटुंबं त्याच सहलीला निघाली आहेत, म्हणून लिहिते.

माराकेशहून उवारझाझातला जाताना अ‍ॅटलासचा घाट लागतो. घाटात जागोजाग दगडांची दुकानं. आमच्या गाईडने 'दहा मिनिटं चहा' म्हणून बस थांबवली ती बरोबर एका दुकानासमोर. तेव्हाच शंका यायला हवी होती. "इंडिया? शाहरुख खान!" म्हणत मालकाने मला आत नेलं. एका ताटात शार्कचे सुटे दात होते, पिवळट, लाकडाच्या रंगाचे, एकेक २० दिरहमला. मी त्यातले दोन निवडत होते. वर्गात दाखवायला तेवढे पुरेसे होते. माझी निवड कशी चालली आहे ते त्याने बघितलं असणार, कारण तो आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड घेऊन आला.

दगडात मधोमध नऊ सेंटिमीटरचा एक दात, भोवती चार लहान दात आणि शेजारी पाकट म्हणजे 'रे' या चपट्या माशाच्या जबड्यातल्या चपट्या पट्ट्या, जणू समुद्राच्या तळावर जसं पडलं तसंच. "मेगालोडॉन, मॅडम. बेबी मेगालोडॉन. खुरिब्गा. शार्क अँड रे, सेम डे डेड!"

दाताच्या दोन्ही अंगांना छोटी टोकं होती आणि कडेला करवतीसारखे दाते. इथेच मी गेले. मेगालोडॉन म्हणजे कधीच नामशेष झालेला अवाढव्य शार्क. त्याच्या पूर्वजांच्या दातांना बाजूची टोकं होती, कड मात्र गुळगुळीत. मेगालोडॉनला करवत आहे, पण मोठ्या दातांवर टोकं उरली नाहीत. मधल्या पिढ्यांचे दोन्ही खुणा असलेले दात खरंच मिळतात. माझ्या डोक्यात 'मधला दुवा, मधला दुवा' सुरू झालं. त्याने ४००० सांगितले, मी १८०० वर आणले आणि वर शहाणपण केल्यासारखी बसमध्ये येऊन बसले. नवरा एवढंच म्हणाला, "कार्ड चाललं ना?"

घरी आल्यावर दगड कॉलेजात नेला. भूगर्भशास्त्राच्या सरांनी तो हातात घेतलासुद्धा नाही. नुसतं विचारलं, "मॅडम, खुरिब्ग्याचे थर किती जुने?"

उत्तर मला माहीत होतं, फक्त दुकानात आठवलं नव्हतं. खुरिब्गा हा मोरोक्कोतला फॉस्फेटच्या खाणींचा भाग आहे. तिथले थर साधारण ७ कोटी वर्षांपूर्वी साचायला लागले आणि पाच कोटींच्या थोडं अलीकडे थांबले. मेगालोडॉन समुद्रात आला तोच सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी. मधे निदान अडीच कोटी वर्षं रिकामी. खुरिब्ग्याचा मेगालोडॉन म्हणजे शिवाजी महाराजांच्या सहीचा आधार कार्डाचा अर्ज.

तिथे शार्कचे इतके दात का, हे कळलं की दुकानदाराची गोष्ट आणखीच पोकळ वाटते. त्या काळी आजच्या मोरोक्कोत समुद्राचं एक उबदार, उथळ आखात घुसलेलं होतं. खोल समुद्रातलं पोषक पाणी वर येऊन तिथे पोहोचायचं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजायचं, प्लवकावर मासे आणि माशांवर शार्क. गाळ मात्र फार सावकाश साचायचा. त्यामुळे हजारो वर्षांत पडलेले दात एकाच पातळ थरात गोळा झाले. 'सेम डे डेड' तिथे शोधायला जाऊच नये.

खालच्या थरांत मोसासॉर या प्रचंड सागरी सरड्यांचे दात सापडतात. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांबरोबर तेही संपले, वरचं शिकाऱ्याचं स्थान रिकामं झालं, आणि तगून राहिलेल्या क्रेटोलॅम्ना नावाच्या मध्यम आकाराच्या शार्कच्या वंशातून ओटोडस पुढे आला. हाच मेगालोडॉनचा तो गुळगुळीत कडेच्या दातांचा पूर्वज. माझ्या दगडातला दात याच ओटोडसचा निघाला. या वंशात करवत पुढे धारदार होत गेली ती समुद्रात देवमासे आणि त्यांचे नातलग वाढत गेले त्या काळात. मासा टोचून धरता येतो, चरबीचा जाड थर कापावाच लागतो. बाजूची टोकं तर एका रात्रीत गळली नाहीत. अमेरिकेत मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट कड्यांमध्ये ती थरागणिक कमी होत गेलेली दिसतात.

मग उरलेला दुकानदार मी घरच्या नळाखाली धुऊन काढला. दगड पाण्यात ठेवला तर तासाभरात वाळू सुटली आणि खाली पिवळा, चिवट डिंक दिसला. सुई गॅसवर तापवून टेकवली, तर जळक्या प्लॅस्टिकचा वास. नोटा तपासायच्या निळ्या टॉर्चखाली दाताभोवती डिंकाचं कडंच उजळलं. पाकटाच्या पट्ट्यांत तर विनोदच होता. या पट्ट्या जबड्यात एकमेकींना फरशीसारख्या चिकटून असतात, शिंपले फोडायला. मासा मेला की त्या बहुधा सुट्या होतात. पट्टीची वरची बाजू गुळगुळीत असते आणि हिरडीकडची फणीसारखी. जोडणाऱ्याने एक पट्टी उलटी लावली होती, फणी वर करून! ती मला दुकानात दिसली होती, मीच तिला 'वेगळी जात' समजले.

करवत मात्र भिंग घेतल्यावर कळली. खऱ्या दाताला चकचकीत कवच प्रत्येक दात्यावरून वळून जातं. माझ्या दातावर ते खाचेपाशी तुटत होतं आणि आतला फिका भाग उघडा पडला होता. कानशीने घासलेलं. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. दात पाच कोटी वर्षांचा, अस्सल! ताटातल्या वीस दिरहमच्या दातांचाच थोरला भाऊ. तसाच विकला असता तर मी आनंदाने घेतला असता. त्याने खऱ्या वस्तूची नासधूस करून खोटी वस्तू तयार केली.

पैसे परत मिळणं शक्यच नव्हतं. पावती फ्रेंचमध्ये होती आणि तिच्यावर वस्तूचं नाव लिहिलं होतं 'आर्टिझाना', म्हणजे हस्तकला. कागदावर बघाल तर त्याने मला फसवलंच नाही.

हा धंदा जुना आहे म्हणा. मध्ययुगात माल्टामधले असेच दात 'दगडी जिभा' म्हणून विषावर उतारा म्हणून विकले जात. १६६६ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ पकडलेल्या शार्कचं डोकं निकोलस स्टेनोने कापून पाहिलं, आणि या जिभा शार्कच्या दातांसारख्याच असल्याचं पुढच्या वर्षी छापून सांगितलं. आमच्या मालवणात तेवढंही करायला नको. मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण करताना आई कढत पाणी ओतून कातडी घासायची, ती पॉलिश पेपरसारखी हाताला लागायची. त्या कातडीवरचा कण न् कण घडणीने दातच असतो, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

निघालेल्या दोघांना मी निळा टॉर्च दिला आहे. दगडात बसवलेलं काही घेऊ नका, 'खुरिब्ग्याचा मेगालोडॉन' ऐकलात की चहा पिऊन बाहेर या, आणि पावतीवर दाताचं नाव आणि ठिकाण लिहून मागा, असं सांगितलंय. जो नुसताच हसेल त्याच्याकडे घेऊ नका. आणि ताटातला एक सुटा, पिवळा, गुळगुळीत कडेचा दात माझ्यासाठी आणा म्हटलंय. वीस दिरहम आधीच देऊन ठेवलेत.