पोटाचं लायपोसक्शन: शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत मी पोटाचं आणि कमरेच्या दोन्ही बाजूंचं लायपोसक्शन, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढायची शस्त्रक्रिया, करून घेतलं. आता मे संपत आलाय. शस्त्रक्रिया कशी होते याची माहिती हवी तेवढी मिळते. घरी आल्यावर पुढचे काही महिने शरीर कसं वागतं, याबद्दल मात्र आपल्याकडे बायका एकमेकींशीही बोलत नाहीत. म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांनी करायचं ठरवलंय त्यांना एकच सांगणं आहे, पहिल्या दीड-दोन महिन्यांत आरशावर विश्वास ठेवू नका. सूज खोटं चित्र दाखवते, कधी निराशेचं तर कधी आनंदाचंही.

मी नाशिकला शाळेत शिकवते, वय पंचेचाळिशीच्या पुढे, दोन सिझेरियन झालेली आहेत. वजन फार नव्हतं. रोजचं चालणं, जेवणावर ताबा, सगळं करूनही नाभीखालची चरबी हलत नव्हती. साखर मात्र सीमेवर होती आणि पोट कमी झालं की तीही उतरेल अशी मनात आशा होती. डॉक्टरांनी ती पहिल्याच भेटीत काढून टाकली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. लायपोसक्शनमध्ये निघते ती त्वचेखालची चरबी. आतड्यांभोवतीची, यकृतातली चरबी तशीच राहते आणि मधुमेहाशी नातं तिचं जास्त. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची बरीच चरबी अशा पद्धतीने काढली होती, तरी इन्सुलिनच्या कामात सुधारणा दिसली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक तर कितीतरी वर्षं सांगताहेत की आपण भारतीय बारीक दिसलो तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. तेव्हा साखरेसाठी हे करू नका. माझी साखर आजही चालण्यानं आणि जेवणानंच सांभाळावी लागते.

घरून विरोध होता. २०२२ च्या मे महिन्यात बंगळुरूत एका तरुण अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला होता, ती बातमी सगळ्यांच्या लक्षात होती. भीती योग्यच होती. म्हणून ब्यूटी क्लिनिकचा विचारही केला नाही. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. (त्या विषयातली उच्च पदवी) झालेले सर्जन, स्वतंत्र भूलतज्ज्ञ आणि आयसीयू असलेलं रुग्णालय, या तीन गोष्टींवर तडजोड नाही असं आम्ही ठरवलं. आधी सोनोग्राफी झाली, कारण पोटाच्या भिंतीत हर्निया, म्हणजे आतडं बाहेर डोकावेल अशी फट, असेल तर चरबी ओढणारी नळी आतड्याला इजा करू शकते. सिझेरियन झालेल्या बायकांनी ही तपासणी आवर्जून मागून घ्यावी. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त द्रव-चरबी काढायची असेल तर रात्रभर रुग्णालयात देखरेख हवी. माझं त्याहून बरंच कमी निघालं, तरी मी एक रात्र राहिले.

पहिल्या दोन दिवसांत घरच्यांना सर्वात जास्त धसका बसतो तो गळणाऱ्या पाण्याचा. जेफ्री क्लाइन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ट्यूमेसंट पद्धतीत आधी चरबीत सलाइन, लिडोकेन (बधिर करणारं औषध) आणि ॲड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) यांचं पुष्कळ मिश्रण भरतात. त्यामुळे रक्तस्राव खूप कमी होतो. त्यातलं बरंचसं पाणी नंतर छोट्या छिद्रांतून लालसर होऊन बाहेर येतं. पॅड भिजतात, चादर भिजते, आणि पाहणाऱ्याला ते रक्तच वाटतं. पलंगावर मेणकापड आधीच घालून ठेवा आणि सोबत राहणाऱ्या माणसाला हे समजावून ठेवा. माझ्या मुलीला माहीत होतं, म्हणून ती शांत राहिली.

वेदना कशी असते? व्यायाम सोडून वर्षं झालेल्या माणसानं एकदम शंभर बैठका मारल्यावर दुसऱ्या दिवशी अंग जसं धरतं, तशी. सहन होते. उठताना कुशीवर वळून हातांवर जोर देऊन उठायचं. त्याच संध्याकाळी खोलीतल्या खोलीत चालवतात, कारण पायात रक्ताची गुठळी होऊ नये. पोटरी एकाच बाजूची सुजली-दुखली, दम लागला, छातीत दुखलं, ताप चढला, बोलण्यात गोंधळ वाटला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. ही लक्षणं लिहिलेला कागद आमच्या फ्रिजवर लावलेला होता.

आता प्रेशर गारमेंट, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत 'पट्टा'. सहा आठवडे, त्यातले पहिले दोन-तीन तर अंघोळीपुरताच काढायचा. दोन नग घ्याच, एक धुवायला आणि एक अंगावर. आतून शिवण नसलेला पातळ सुती बनियन घातला तर त्वचा सोलत नाही. कापडाला कुठे घडी पडली तर तिथे पोटावर खाच उमटते, म्हणून दर थोड्या वेळानं हात फिरवून सुरकुती काढायची सवय लावून घेतली. पहिल्यांदा पट्टा काढताना चक्कर येऊ शकते. मलाही डोळ्यांपुढे अंधारी आली. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल होतं आणि नवरा दाराशीच उभा होता, म्हणून निभावलं. नाशिकच्या थंडीत हे दिवस निघाले हे फार बरं झालं. एप्रिलमध्ये हा पट्टा घालून राहणं मला जमलं नसतं.

सासूबाईंनी मनापासून सेवा केली. बाळंतिणीचं पोट बांधायची त्यांना सवय, त्यामुळे पट्टा त्यांना लगेच पटला. पण त्यांना शेकही द्यायचा होता, ओव्याची पुरचुंडी तयार ठेवली होती. इथे मी ठामपणे नाही म्हटलं. "आई, मला तिथे काही लागतच नाही, भाजलं तरी कळायचं नाही," असं सांगितल्यावर त्यांनी माझ्या पोटाला हात लावून पाहिला आणि पुन्हा विषय काढला नाही. शस्त्रक्रियेनंतर त्वचेच्या नसा काही महिने बधिर असतात. गरम पाण्याच्या पिशवीनं अशा पोटावर फोड येऊ शकतात. आपल्याकडे शेक हा सगळ्यावरचा इलाज, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

सूज खाली उतरते. जांघेत, मांड्यांवर, अगदी नाजूक जागीही काळं-निळं होतं आणि सुजतं. हे आधी माहीत नसेल तर बाई घाबरून जाईल. वजनकाट्यावर पहिल्या आठवड्यात आकडा वाढलेला दिसतो. ते अंगात साठलेलं पाणी. पापड, लोणचं, फरसाण बंद ठेवलं की सूज कमी चढते हे मला स्पष्ट जाणवलं. मुगाचं वरण, अंडी, ताक आणि वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं म्हणून रात्री इसबगोल, एवढ्यावर माझं छान चाललं.

शाळेत परतल्यावर खरी अडचण परकराच्या नाडीची झाली. दिवसभर उभं राहून शिकवायचं, संध्याकाळपर्यंत पोट फुगायचं आणि नाडी बरोबर त्या सुजलेल्या भागात रुतायची. रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घेतला तेव्हा सुटले. संक्रांतीपर्यंत पोट निबर होतं, हाताला गाठी लागायच्या. सर्जननी दाखवलेला हलका मसाज नेमानं केला. फेब्रुवारीत त्या विरघळू लागल्या आणि कंबरेचा आकार पहिल्यांदा दिसला. हळदीकुंकवाला ज्या मैत्रिणी "काही फरक दिसत नाही गं" म्हणाल्या होत्या, त्यांनीच होळीला विचारलं.

खर्चाचं एक. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा पैसे देत नाही आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो. अंदाजपत्रक घेताना तो धरून, गारमेंट आणि भूलतज्ज्ञांची फी धरून लेखी घ्या.

आज कमरेच्या बाजू सुरेख बसल्या आहेत, ब्लाउज आणि परकराच्या मधली वळी गेली. नाभीखाली तळहाताएवढी जागा अजून अर्धवट बधिर आहे, मधूनच मुंग्या येतात. तिथल्या नसा परत येत असल्याची ही खूण, असं सर्जन म्हणतात. सिझेरियनच्या टाक्यांवरची सैल घडी मात्र राहिलीच. ती चरबी नाही, ताणलेली त्वचा आहे. ती जायला टमी टक, म्हणजे सैल त्वचा कापून काढायची शस्त्रक्रिया, करावा लागेल, तेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी तो करणार नाही. दोन लेकरांच्या वेळची ती त्वचा मला खुपत नाही, आणि साडीत ती दिसतही नाही.