‘मिटवून टाका’ म्हणणारा माणूस

रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर थांबू नका, असं सांगायला हे लिहीत नाही. थांबाच. पण थांबणाऱ्याला कसं गोवतात तेही ठाऊक असू द्या. आमचे १८ हजार रुपये त्यात गेले.

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे टाकून इंदापूरकडे चाललो होतो. दिवेलागणीची वेळ. गाडीत मी, बायको आणि मागे आई. सर्व्हिस रोडच्या तोंडाशी एक मोटरसायकल आडवी पडलेली आणि शेजारी विशीतला पोरगा पाय धरून कण्हत होता. “थांब रे, कुणाचं तरी लेकरू आहे,” आई म्हणाली. गाडी कडेला घेतली, पाण्याची बाटली घेऊन उतरलो. बायको १०८ लावू लागली.

“ॲम्ब्युलन्स कशाला ओ? तुमच्याच गाडीत घ्या की.” उसाच्या बाजूने तिघं-चौघं आले होते. आम्ही थांबलो तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. मी मोटरसायकल उचलायला वाकलो, तर सायलेन्सर पोटरीला लागला. चटका बसायला हवा होता, लागला थंडगार. रस्त्यावर काचेचा तुकडाही नव्हता. पण तेवढ्यात सूर पालटला. “उडवलं, अन् आता पाणी पाजताय व्हय?” पोरगाही कण्हत म्हणाला, “ह्याच गाडीनं मारलं.” एकाने आमच्या गाडीची चावी काढून घेतली. बंपरवर सोसायटीतल्या खांबाचा जुना ओरखडा होता, तोच त्यांचा पुरावा.

यातला खरा कसलेला गडी मात्र उशिरा आला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. आल्या आल्या त्याने पोरांनाच दम भरला, “बाईमाणूस आहे गाडीत, कुणी अंगावर जायचं नाही.” आईला म्हणाला, “मावशी, घाबरू नका, मी आहे.” आम्हाला हायसं वाटलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “दादा, केस झाली की गाडी जमा, लायसन गेलं, कोर्टाच्या तारखा वेगळ्या. गरिबाचं पोर आहे, ५० हजारांत मिटवून टाका.” आई मागे छाती धरून बसलेली, अंधार पडत चाललेला. घासाघीस होऊन १८ हजारांवर आलं. क्यूआर कोड त्याच्या मोबाइलवर तयारच होता. पैसे गेले, चावी हातात आली, आणि त्या पोराला कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे कुणाच्या तोंडातून एकदाही आलं नाही.

हा सगळा खेळ कशावर चालतो, ते नंतर कायदा वाचल्यावर उमगलं. मोटर वाहन कायद्यात कलम १३४-अ आहे, २०१९च्या दुरुस्तीने आलेलं. सद्‍हेतूने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेसाठी किंवा मृत्यूसाठी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. २०२०च्या नियमांनुसार पोलिस त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत, आणि दवाखाना त्याला अडकवून ठेवू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हेही त्याच्याच मर्जीवर. पण त्याच्या आधीचं कलम १३४ आहे ज्याच्या गाडीने अपघात झाला त्या चालकासाठी: जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना कळवायचं. ही टोळी तुम्हाला १३४-अ मधून उचलून १३४ मध्ये बसवते, आणि वर पोलिसांचीच भीती घालते.

खरं तर पोलिसांत नोंद झाली तर फायदा जखमीचाच असतो. विम्याची भरपाई मागायची तर त्याला अपघाताची नोंद लागते. २०२५च्या केंद्रीय योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांत दीड लाखांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात, तिथेही पोलिसांचा दुजोरा लागतो. म्हणून पोलिस नको, ॲम्ब्युलन्स नको, फक्त रोकडा हवा म्हणणारा माणूस जखमीच्या बाजूचा नसतो. खरे नातेवाईक ‘गाडी काढा, गाडी काढा’ म्हणून जीव खातात. तुमच्या बंपरवरचे ओरखडे तपासत बसत नाहीत.

आता आमच्या घरी ठरलंय. काचा बंद ठेवून आधी ११२ हा आपत्कालीन नंबर लावायचा, ठिकाण सांगायचं आणि ‘आम्ही वाटसरू आहोत, अपघात आधीच झालेला आहे’ हे त्या कॉलवरच बोलायचं. म्हणजे नोंद राहते. चावी खिशात घालूनच उतरायचं. एकाने गाडीतून व्हिडिओ सुरू ठेवायचा. डॅशकॅमही बसवून घेतलाय. त्या संध्याकाळी असता तर आधीपासून आडवी पडलेली मोटरसायकल त्यात दिसली असती. आणि कुणी आरोप केलाच, तर एकच वाक्य: “चला, पोलिस येईपर्यंत इथंच थांबू.” एवढ्यानेही पोरं पांगली नाहीत, जमाव अंगावरच आला, तर सरळ जवळचं पोलिस ठाणं गाठायचं. तिथं शौर्य दाखवू नये, निदान म्हातारं माणूस सोबत असताना तरी नाही.

पैसे परत मिळालेले नाहीत. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला. खोट्या गुन्ह्याची भीती घालून पैसे काढणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८खाली खंडणी ठरते, तेही त्यात लिहिलं. ज्या खात्यात पैसे गेले त्यावर वेगळ्याच कुणाचं नाव दिसत होतं. व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट अर्जाला जोडलाय. त्या पट्ट्यात तुमच्याकडूनही असे पैसे काढले असतील, तर रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका, तक्रार द्या. चार अर्जांत तेच खातं निघालं, तर पोलिसांना त्याचा माग काढणं सोपं जाईल.