शहापुरातलं दशांचं दुकान

मी बेळगावात अनगोळला राहते. कापडी तोरणं आणि भिंतीवर लावायच्या झुली करून विकते, यंदा सातवं वर्ष. गेल्या वर्षी श्रावणाच्या आधी दोन महिने माझा हात पार अडला होता. मशीनवर बसायचं, पोपट नि कैऱ्या कापायच्या, शिवायच्या आणि संध्याकाळी उसवायच्या. त्याआधी एका गिऱ्हाइकानं मोबाइलवर फोटो पाठवून ‘डिट्टो असंच’ म्हणत वीस तोरणं करून घेतली होती. पैसे वेळेवर मिळाले, पण त्यानंतर स्वतःचं असं काही सुचेनाच. सुचावं म्हणून आणखी फोटो बघत बसायची, ते तर फारच वाईट.

वडगावची माझी नणंद मला ओढून या दुकानात घेऊन गेली. दुकान म्हणजे शहापुरातल्या एका जुन्या घराची पुढची खोली. शहापूर-वडगाव भागातल्या मागांवर उरलेलं सूत इथे किलोवर मिळतं. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की शेवटची वीत-दोन वीत टोकं विणताच येत नाहीत, ती कापून काढतात. त्या दशा. सुतळीनं बांधलेल्या जुड्या पोत्यात भरलेल्या असतात आणि खोलीभर खळीचा वास.

दुकानातल्या मावशी विणकरांशी कन्नडात आणि आमच्याशी मराठीत बोलतात. मी काय घेऊ, किती घेऊ करत उभी होते. त्या म्हणाल्या, “आज काय बी घेऊ नकोस. पोतं ओत आणि बघत बस की.” दोन तास बसले. त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. या दुकानाबद्दल मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे.

तिथेच एक जुनी इरकल होती, निळं अंग आणि लाल पदर. मावशींनी ती दारातल्या उजेडात धरली आणि अंग-पदराच्या सांध्यावर माझं बोट ठेवलं. इरकलीत अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा. दोन्हींच्या टोकांचे फास एकमेकांत अडकवतात, त्याला टोपे तेणी म्हणतात. बोटाला बारीक खरखर लागली. शिवण नव्हती. एकेक निळा फास एकेका लाल फासात अडकलेला होता.

मी इतकी वर्षं एका कापडावर दुसरं कापड ठेवून शिवत आले होते. त्या रात्री खादीच्या पट्टीच्या कडेचे आडवे धागे चार बोटं काढून टाकले, मोकळ्या उभ्या धाग्यांचे फास केले आणि त्यांत जांभळ्या दशा ओवल्या. सुई लागली नाही. सकाळी साडेचारला झोपले. ते तोरण एका बाजूनं दोन बोटं लांब झालं आहे, आणि ते मी विकणार नाही. आमच्याच दाराला आहे.

आता व्यवहाराचं. मी गेले तेव्हा सुती दशा १२० रुपये किलो होत्या, रेशमी त्याच्या दुप्पट. पावसाळ्यात सूत ओल धरतं आणि काट्यावर जड भरतं, म्हणून मी आता वर्षाचा माल चैत्र-वैशाखातच उचलते. बिल मिळत नाही, घेतलेला माल परत होत नाही. जुडी सोडवायला अर्धा तास तरी जातो, घाई असेल तर या वाटेला जाऊ नये.

एक तक्रार मात्र आहे. लाल दशांचा रंग जातो आणि ते आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. माझा एक पांढरा पडदा त्यात गेला. आता मी ओल्या पांढऱ्या फडक्यात चार धागे चोळून बघते, मगच घेते. तुम्हीही दुकानातच चोळून बघा, मावशींना राग येत नाही.

दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. पिशवी घरून न्यावी.

पोपटी रंग क्वचितच येतो, सांगून ठेवावं लागतं. परवा फोन आला, तीन जुड्या माझ्या नावाची चिठ्ठी लावून वरच्या फळीवर ठेवल्यात म्हणे. शुक्रवारी सकाळी आणायला जाणार आहे.