रेट्रो तोंडी घ्यावी की लिहून?

नव्याने स्क्रम मास्टर (स्क्रम पद्धतीने काम करणाऱ्या टीमच्या बैठका आणि कामाची पद्धत सांभाळणारी व्यक्ती) झालेल्या दोघा-तिघांनी गेल्या काही महिन्यांत मला एकच प्रश्न विचारला. रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट (कामाचा काही आठवड्यांचा टप्पा) संपल्यावर काय जमलं, काय बिनसलं ते बोलायच्या बैठकीत, सगळ्यांना आळीपाळीने बोलायला लावायचं, की आधी चिठ्ठ्या लिहून घ्यायच्या? मी दोन्ही पद्धतींनी भरपूर रेट्रो घेतल्या आहेत. टीम पाहिल्याशिवाय छातीठोक उत्तर देता येत नाही, पण टीममध्ये काय पाहायचं ते नक्की सांगता येतं.

तोंडी रेट्रोला तयारी लागत नाही. खुर्च्या ओढायच्या आणि सुरू करायचं. चार-पाच जणांची टीम असेल, रोज एका टेबलावर बसत असेल, डबे एकत्र उघडत असेल, तर मी दुसरा विचारही करणार नाही. अशा टीममध्ये एकाने अर्धं वाक्य म्हटलं की दुसरा ते पुरं करतो. तिथे चिठ्ठ्या वाटल्या तर उगाच परीक्षेला बसल्यासारखं होतं.

अडचण येते ती आठ-नऊ जणांच्या टीममध्ये, आणि त्यातही अनुभवाचं अंतर मोठं असेल तेव्हा. "हा स्प्रिंट कसा गेला?" असं विचारलं की सगळे गप्प. मग टीममधला सर्वांत जुना माणूस बोलतो, "एन्व्हायर्नमेंट दोन दिवस बंद होतं, बाकी ठीक." झालं. पुढचा प्रत्येक जण त्याचीच री ओढतो आणि एन्व्हायर्नमेंटवर, म्हणजे सॉफ्टवेअर चालवून बघायच्या यंत्रणेवर, चाळीस मिनिटं जातात. यात कुणी कुणाला दाबत नाही, पहिलं वाक्यच बाकीच्यांना वाट आखून देतं. प्लॅनिंग पोकरमध्ये (कामाला किती मेहनत लागेल याचा अंदाज पत्त्यांवरच्या आकड्यांनी द्यायची पद्धत) सगळे पत्ते एकदम उघडतात ते याचसाठी, की सीनियरचा आकडा बघून ज्युनियरने आपला बदलू नये. अंदाज देताना आपण ही काळजी घेतो आणि मनातलं सांगायची वेळ आली की विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वेळेचा हिशेबही मांडून बघा. आठ जण, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटं नुसती ऐकण्यात गेली. तासाभराच्या रेट्रोत ठरवायला उरली वीस. लिहायला मात्र सात मिनिटं दिली तर आठही जणांचं एकाच वेळी होतं. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये हेच प्रयोगातून दाखवलं होतं. एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसं एकेकटी बसली तर जास्त कल्पना निघतात. कारण गटात एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबलेलं डोक्यातून निसटतं.

आमच्या एका टीममध्ये एक टेस्टर होती. शांत, कामाला चोख. तोंडी रेट्रोत तिची पाळी आली की "माझं सगळं ओके" एवढंच म्हणायची. एकदा आम्ही चिठ्ठ्या घेतल्या. तिच्या पिवळ्या चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या: "टेस्ट डेटा शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर येतो. मी तो शनिवारी घरून तपासते." खोलीत सगळे चपापले. डेटा पाठवणारा तिच्या शेजारीच बसला होता, आणि सोमवारपर्यंत त्या डेटाला कुणी हात लावत नाही अशी त्याची समजूत होती. पुढच्या स्प्रिंटपासून डेटा बुधवारी येऊ लागला. ती चिठ्ठी आली नसती तर तिचे आणखी किती शनिवार गेले असते!

असं असलं तरी लिहून घेण्याचेही तोटे आहेत, आणि ते सोसावे लागतात.

पहिला तोटा भाषेचा. चिठ्ठी म्हटली की लोक इंग्रजीत लिहितात, आणि ज्याचं इंग्रजी कच्चं तो "कम्युनिकेशन इश्यू" एवढं लिहून मोकळा होतो. चहाच्या टपरीवर हाच माणूस तासभर नेमकं काय बिनसलंय ते सांगत असतो. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते, मराठी, हिंदी, धेडगुजरी, ज्या भाषेत कुरकुर करता त्याच भाषेत लिहा. कॉलवर परदेशातला सहकारी असेल तर अर्थ सांगायला आम्ही आहोत.

दुसरा तोटा जिव्हारी लागण्याचा. "कोड रिव्ह्यू उशिरा होतात" (म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने तपासायला वेळ लागतो) हे वाक्य कागदावर आरोपासारखं दिसतं. तेच समोरासमोर, "मंगळवारी पाठवलेला रिव्ह्यू गुरुवारी हातात आला, त्यामुळे माझं काम पुढच्या स्प्रिंटमध्ये गेलं" असं म्हटलं की समोरचा कारण सांगतो आणि पाच मिनिटांत तोडगा निघतो. कधी घडलं, काय घडलं, त्याचा परिणाम काय झाला, या तीन गोष्टी चिठ्ठीतही मागा. दोघांमधलाच विषय असेल तर मात्र तो चिठ्ठीत नको आणि रेट्रोतही नको. त्या दोघांनी बाजूला बसून बोलावं.

निनावी चिठ्ठ्यांचं काय? टीम नवी असेल किंवा सगळे तोंडात गुळणी धरून बसलेले असतील, तर एक-दोन वेळा ठीक. नेहमीसाठी नको. "नेमकं कधी?" असं विचारायला समोर माणूसच नसतो, आणि हे कुणी लिहिलं असेल याचे तर्क रेट्रो संपल्यावरही चालू राहतात. आणि ज्याच्या हातात अप्रेझल आहे तो मॅनेजर खोलीत बसला असेल, तर निनावी चिठ्ठीनेही फरक पडत नाही. अक्षर ओळखू येतं. त्याला नम्रपणे सांगावं, "सर, ही टीमची बैठक आहे, ठरलेलं तुम्हाला कळवतो." रेट्रो स्क्रम टीमची असते, स्क्रमची अधिकृत पुस्तिका, स्क्रम गाइडही हेच सांगतं.

दोन्हींचा मेळ हवा असेल तर 'एक-दोन-चार-सगळे' करून बघा: एक मिनिट एकट्याने विचार, दोन मिनिटं जोडीत, चार मिनिटं चौघांत, मग पाच मिनिटं सगळ्यांसमोर. बारा मिनिटांत प्रत्येकाचं तोंड एकदा तरी उघडतं, आणि बुजऱ्या माणसाला आपलं म्हणणं आधी एकाजवळ बोलून बघता येतं. ऑनलाइन मात्र हे जरा जड जातं, कारण खोल्या जोडण्या-तोडण्यातच वेळ जातो.

तर माझा कौल असा. पाचपर्यंत माणसं, जुनी ओळख, एकच जागा असेल तर तोंडी. सहा किंवा जास्त माणसं, किंवा अर्धे कॉलवर, किंवा सीनियर-ज्युनियरमध्ये मोठी दरी असेल तर आधी लिहून, मग बोलून. नुसतं लिहून कधीच नको. चिठ्ठी वाचताना स्क्रम मास्टरने तिला स्वतःच्या शब्दांत मांडू नये, आहे तशी वाचावी. मग प्रत्येकाला तीन मतं द्यावीत, वरचे एक-दोन विषय घ्यावेत आणि त्यापुढे नाव आणि तारीख लिहावी.

तरीही ठरत नसेल तर दोन स्प्रिंट असे, दोन तसे घ्या आणि दरवेळी दोनच आकडे वहीत लिहा: किती जणांनी आपला स्वतःचा एक तरी मुद्दा मांडला, आणि मागच्या वेळी ठरलेल्यांपैकी किती गोष्टी खरोखर झाल्या.