फियाटमधला इलेक्ट्रिक फ्युएल पंप: दिवाळी ते पावसाळा

आधी टकटकीबद्दल. पद्मिनीला, म्हणजे जुन्या फियाटला, टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा हा विजेवरचा चौकोनी पंप बसवायचा विचार असेल, तर किल्ली फिरवल्यापासून गाडी बंद करेपर्यंत मागून टकटक येत राहणार हे धरून चाला. पंप बसवायचे व्हिडिओ टाकणारे हे सांगत नाहीत. सिग्नलला फियाट रनिंगवर उभी असताना मागे बसलेल्या माणसाला दुसरं काही ऐकूच येत नाही. आईने विचारलं, डिकीत गजराचं घड्याळ राहिलंय का. खाली रबराचा तुकडा घातला, मग जाड रबर घातलं, मग सायकलच्या ट्यूबचे वेटोळे गुंडाळले. टकटक थोडी जाड झाली, गेली नाही.

बसवण्याचं कारण जुन्या गाडीवाल्यांना तोंडपाठ असेल. गाडी थंड असताना एकदम शहाणी. पुण्याहून वाईला निघालो की शिरवळपर्यंत तक्रार नाही, खंडाळा ओलांडून खंबाटकी चढायला लागलो की अर्ध्या घाटात दोन आचके आणि बंद. टेम्परेचरचा काटा मधोमध, पाणी उकळलेलं नाही. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात चालू. ज्याला विचाराल तो एकच निदान करायचा: व्हेपर लॉक. मूळ पंप इंजिनाच्या ब्लॉकलाच बोल्ट केलेला, इंजिनाच्या उष्णतेने तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोल ओढणारा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, वाफच चघळत बसतो. त्यात आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे कारण सांगायला सगळ्यांना आणखी सोपं. उपाय पिढ्यानपिढ्या चालत आलेला: पंपावर ओलं फडकं. मीही ते करत होतो आणि त्याने गाडी चालूही होत होती, हे लक्षात ठेवा.

शेवटी नाना पेठेतून पंप आणला. हजाराच्या आत मिळाला याचाच आनंद जास्त. मिस्त्री म्हणाला, बोनेटखाली बसवू, वायर कमी लागेल. मी नाही म्हटलं. हे पंप ढकलण्यात हुशार आणि ओढण्यात आळशी असतात. शिवाय ओढणाऱ्या बाजूला दाब कमी झाला की पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळतं, म्हणजे मूळ दुखणं कायम. तो टाकीजवळच हवा, जमेल तितका खाली, आणि त्याच्या आधी फिल्टर. रिले, म्हणजे पंपाचा करंट वेगळ्या वाटेने नेणारा स्विच, लावा, नाहीतर सगळा करंट किल्लीच्या स्विचमधून जातो. ठोकर बसली की वीज तोडणारा इनर्शिया स्विचही लावा. जुना पंप इंजिन थांबलं की आपोआप थांबायचा. हा मात्र किल्ली चालू असेपर्यंत फुटलेल्या पाइपमधूनही पेट्रोल ढकलत राहील. इथे मी पैसे वाचवले नाहीत, इतरत्र वाचवतो. जुन्या पंपाच्या भोकावर पत्र्याची प्लेट आणि पॅकिंग विसरलात तर ऑइल रस्त्यावर.

हिवाळाभर मी खूश होतो. आठवडाभर उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधलं, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातलं, पेट्रोल उडून जातं, मग सेल्फ मारमारून बॅटरी रडकुंडीला येते. आता किल्ली फिरवायची, पंप कार्बोरेटर भरेपर्यंत जरा थांबायचं, पहिल्या सेल्फला चालू. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग पेट्रोलचा वास यायला लागला, प्लग काळे. या कार्बोरेटरला तीनेक पीएसआय दाब पुरे होतो, आमचा पंप गेजवर जवळजवळ सहा दाखवत होता. कार्बोरेटर भरला की पेट्रोलची वाट बंद करणारी फ्लोटची सुई तेवढ्या दाबाला बसणार कशी? ओव्हरफ्लो. पंपाच्या डब्यावर दाबाचा आकडाच नव्हता. दुकानात गेलो तर उत्तर, ‘इलेक्ट्रिकलचं रिटर्न नसतं, साहेब.’ वॉरंटीचं काय, तर पंप चालतोय ना, मग वॉरंटी कसली. जास्त चालतोय हीच तर तक्रार आहे म्हटलं, तर त्याने हसून प्रेशर रेग्युलेटर दाखवला. पंपापेक्षा थोडाच स्वस्त. घेतला, दुसरं करणार काय? मुंबईत काळ्या-पिवळ्या फियाट होत्या तोवर या गाडीचा स्पेअर गल्लीबोळात मिळायचा आणि दुकानदार माणसासारखे बोलायचे. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली.

वास गेला. एप्रिलमध्ये खंबाटकीत, जवळपास त्याच वळणावर, गाडी तशीच बंद पडली.

आणि इथे या टकटकीबद्दलचं माझं मत बदललं. चिडून किल्ली पुन्हा फिरवली. दोन-चार टक भरभर आले, मग मंदावले, मग जवळजवळ थांबलेच. लाइनमध्ये वाफ किंवा हवा असली की हा पंप वेड्यासारखा टकटकतो. पुढे कार्बोरेटर भरलेला असला आणि दाब चढला की मंदावतो. म्हणजे पेट्रोल पोचलेलं होतं. खात्रीसाठी एअर फिल्टर काढून हाताने थ्रॉटल ओढला, आत स्वच्छ धार पडली. मग जुना प्लग वायरीला लावून, कार्बोरेटरपासून लांब, ब्लॉकला टेकवला आणि सेल्फ मारायला लावला. स्पार्क नावापुरता, पिवळट. स्पार्कसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या कॉइलला हात लावला आणि लगेच काढला.

घरी आल्यावर मीटर लावला. कॉइलची प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडची गुंडाळी, दीड ओहम. कॉइलवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं की सोबत बाहेरचा रेझिस्टर लावा. आधीच्या मालकाच्या कुठल्यातरी मिस्त्रीने ती रेझिस्टरशिवाय थेट १२ व्होल्टला जोडलेली. हिशेब सोपा आहे: तीन ओहमची कॉइल चार अँपिअर खाते, ही आठ खात होती. तासभर चालली की आतून भाजून निघायची आणि घाटात जीव टाकायची. कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडून पाहिले तर जळून खड्डे पडलेले. तीन ओहमची कॉइल, नवे पॉइंट आणि कंडेन्सर मिळून पंप अधिक रेग्युलेटरच्या निम्म्याएवढाही खर्च आला नाही. मे महिन्याच्या भर दुपारी खंबाटकी चढलो, वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला गेलो, एसटीच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रखडलो. गाडी बंद पडली नाही.

आणि ते ओलं फडकं? पाणी शोधा, फडकं भिजवा, पंपाला गुंडाळा, आजूबाजूच्यांची व्याख्यानं ऐका, यात अर्धा तास जायचा. तेवढ्यात कॉइल निवायची. श्रेय फडक्याला.

एक सूचना, टकटक ऐकायच्या नादात किल्ली चालू ठेवून बसू नका. इंजिन बंद असताना पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइलमधून करंट वाहतच राहतो आणि चांगली कॉइलही तापते. दहा-पंधरा सेकंद पुरे.

तर पंप ठेवायचा का? ज्या दुखण्यासाठी आणला ते त्याचं नव्हतंच. पण सकाळचं स्टार्टिंग सोडवत नाही, आणि जुन्या पंपाचा डायफ्रॅम कडक झालेला निघाला, त्याचा किट शोधतोय. रबरी पाइप मात्र सगळे इथेनॉल सोसणारे घातले. जुने आतून चिकट होऊन सुटायला लागले होते. पंपाला पाचपैकी अडीच, त्यातला अर्धा टकटकीचा. रेग्युलेटरच्या डब्यावर दोन वर्षांची वॉरंटी छापलीय. त्यासाठी पक्कं बिल लागतं आणि पक्क्या बिलाचा जीएसटी वेगळा, असं दुकानदाराने पैसे घेतल्यावर सांगितलं.